स्वनिर्मित विमानाच्या उपकरणफलकातील विद्युत्-दोष व त्यांचा शोध

मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९१० च्या मार्च महिन्यात एक विमान उडाले. ते कोणत्याही विमान-कारखान्यातून विकत आणलेले नव्हते. माउंट रोडवर हॉटेल चालविणारे जाकोमो डांजेलिस या गृहस्थांनी त्याचा आराखडा स्वतः तयार केला होता आणि घोडागाड्या बांधण्यात नाव मिळविलेल्या सिम्प्सन कंपनीने तो प्रत्यक्षात उतरविला होता. पल्लावरम येथे चाचणी झाल्यावर आयलंड मैदानावर त्याचे जाहीर प्रदर्शनही झाले. आदल्याच वर्षी, २५ जुलै १९०९ रोजी, फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओ यांनी इंग्लिश खाडी ओलांडली होती आणि जगभरातील हौशी मंडळींना त्या उड्डाणाने वेड लावले होते. ब्लेरिओ यांच्याजवळ साधे होकायंत्रही नव्हते. त्या काळी एंजिनाची प्रकृती कानांनी ओळखावयाची, वेग गालाला लागणाऱ्या वाऱ्यावरून ताडावयाचा आणि उंची डोळ्यांनी जोखावयाची, असाच प्रघात होता. उपकरणांचा फलकच नव्हता. तेव्हा तो बिघडण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता.

पल्लावरमच्या पुढचे रेल्वेस्थानक क्रोमपेट. तेथे १९४९ मध्ये मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली, तेव्हा विमानविद्येच्या बरोबरीने उपकरणविद्या हाही स्वतंत्र अभ्यासक्रम तिने ठेवला. (पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी विमानविद्येचे धडे येथेच गिरविले.) डांजेलिस यांच्या उड्डाणाला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती, परंतु तेवढ्या अवधीत वेग, उंची, एंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, तेलाचे तापमान, टाकीतील पेट्रोल, बॅटरीची स्थिती या सर्व गोष्टी वैमानिकासमोरच्या फलकावर काट्यांच्या रूपाने येऊन बसल्या होत्या. त्यांपैकी निम्मेअधिक काटे विजेवर हलतात. आजच्या फलकावर काट्यांच्या जागी प्रकाशमान पडदे आले आहेत. त्यांच्या पाठीमागच्या तारांची संख्या मात्र कमी झालेली नाही.

स्वतःच्या हातांनी विमान बांधण्याची हौस डांजेलिस यांच्यानंतर संपली नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी बांधकऱ्यांची संघटना काढली. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेले असावे, अशी तेथील कायद्याची अट आहे. भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने अमेरिकन अभिकल्पक बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या घरी बांधावयाच्या विमानाच्या आधाराने एक संशोधन-विमान तयार करून १९८७ मध्ये उडविले. ‘हंस’ हे प्रशिक्षण-विमान त्यानंतरचे. महाराष्ट्रातील वाचकांना कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण परिचित असेल. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याला नोंदणी-प्रमाणपत्र मिळाले.

कारखान्यातील विमान आणि असे स्वनिर्मित विमान यांत विद्युत्-जोडणीच्या दृष्टीने एक मोठा भेद असतो. कारखान्यातील प्रत्येक तारेला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाची नोंद जाडजूड नकाशापुस्तकात सापडते. घरी बांधलेल्या विमानात हा नकाशा पुष्कळदा बांधणाऱ्याच्या डोक्यातच राहतो. काम चार-पाच वर्षे चालते. पहिल्या वर्षी टाकलेली पांढरी तार नेमकी कोठे गेली, हे पाचव्या वर्षी आठवत नाही. आणि विमान दुसऱ्याला विकले गेले, तर नव्या मालकाला ते कधीच कळत नाही. यास्तव जाणते बांधकरी तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतात आणि काम चालू असतानाच नकाशा कागदावर उतरवीत जातात. दोष शोधण्याची वेळ आली की हा कागद मल्टिमीटरइतकाच उपयोगी पडतो.

फलकावरील एखादा काटा विचित्र वागू लागला, की काटाच बिघडला असे प्रथम मनात येते. मग नवे उपकरण विकत घेतले जाते, आणि तेही तसेच वागते. याचे कारण असे, की काटा टाकीतील पेट्रोल पाहत नाही आणि एंजिनातील तेलही पाहत नाही. त्याला फक्त आपल्यातून जाणारा विद्युत्-प्रवाह ठाऊक असतो. तो प्रवाह बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून, स्विचमधून, उपकरणातून आणि दूरवरच्या संवेदकातून जातो, आणि शेवटी बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या परतीच्या वाटेला मोटार दुरुस्त करणारे कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. जाण्याच्या वाटेवर स्विच व फ्यूज असल्यामुळे तिच्याकडे सर्वांचे लक्ष असते. परतीची वाट म्हणजे एखादा बोल्ट, त्याखाली दाबलेला लग आणि बाजूचा पत्रा. तिची आठवण सहसा होत नाही. बहुतेक गूढ दोष येथेच दडलेले असतात.

पेट्रोलच्या काट्याचेच उदाहरण पाहू. टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो वरखाली झाला की त्याला जोडलेल्या संवेदकाचा रोध बदलतो, आणि त्याप्रमाणे काटा सरकतो. युरोपात प्रचलित असलेल्या एका पद्धतीत टाकी रिकामी असताना हा रोध १० ओहम असतो आणि भरलेली असताना १८० ओहम. अमेरिकेतील रूढ पद्धत याच्या उलट आहे : रिकाम्या टाकीला २४० ओहम, भरलेल्या टाकीला ३३ ओहम. आता समजा, संवेदकाची अर्थची तार जेथे बोल्टाखाली दाबली आहे तेथे गंज चढला आणि त्या जोडात ४० ओहमचा जादा रोध शिरला. अमेरिकन पद्धतीत ३३ चे ७३ ओहम होतील. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असूनही काटा ती चार-पंचमांश भरलेली दाखवील. वैमानिक थोडा लवकर खाली उतरेल, इतकेच. युरोपीय पद्धतीत मात्र १० चे ५० ओहम होतील, आणि पूर्ण रिकाम्या टाकीत जवळजवळ पाव टाकी पेट्रोल असल्याचे काटा सांगेल. तार समूळ तुटली, तर पहिल्या पद्धतीत काटा शून्यावर पडतो आणि दुसऱ्या पद्धतीत तो ‘भरलेली’ या खुणेच्याही पलीकडे जाऊन टेकतो. एकच दोष, तोच बोल्ट, तोच गंज. परंतु एका विमानात त्याने वेळेचा खोळंबा होतो आणि दुसऱ्यात एंजिन हवेत बंद पडते. आपल्या विमानातील संवेदक कोणत्या जातीचा आहे, हे बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असले पाहिजे.

विमान मोठे असले म्हणजे ही अडचण नाहीशी होते असे नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान सुमारे ४१,००० फुटांवर असताना त्याचे इंधन संपले. इंधन मोजणाऱ्या यंत्रणेतील एका वेटोळ्याचा डाख नीट बसलेला नव्हता, आणि त्यामुळे सुरू झालेल्या घोटाळ्यात फलकावरचे इंधनमापक कोरेच राहिले होते. मग इंधन पट्टीने मोजण्यात आले. परंतु लिटरचे वजनात रूपांतर करताना किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा आकडा वापरला गेला, आणि हवे होते त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले. दोन्ही एंजिने बंद पडल्यावर वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांनी ते तरंगत तरंगत मॅनिटोबा प्रांतातील गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. विमानातील सर्व ६९ माणसे वाचली. पिअर्सन हे ग्लायडर चालविण्यातही निष्णात होते, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

असा खराब जोड शोधावयाचा कसा? येथे नवशिक्याची एक ठराविक फसगत होते. तो उपकरणाकडे जाणारी तार सोडवितो, मल्टिमीटरची एक टोचणी तिला लावतो, दुसरी अर्थला लावतो, आणि मीटर १२ व्होल्ट दाखवितो. ‘वीज तर पुरी येत आहे’ असे म्हणून तो पुढे जातो. त्याच तारेच्या वाटेवर ०.२ ओहमचा गंजका जोड असला तरी मीटर हेच दाखविणार. कारण मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, आणि त्यातून एका अँपिअरच्या दशलक्षांशाच्या आसपासच प्रवाह जातो. एवढ्याशा प्रवाहाने त्या जोडावर व्होल्टचा कसलाही ऱ्हास होत नाही. परंतु त्याच तारेतून रेडिओसाठी ५ अँपिअर वाहू लागताच त्या जोडावर पुरा एक व्होल्ट खर्ची पडतो.

शेतातील पाटाची उपमा येथे चपखल बसते. पाटात मध्येच गाळ साचला असला आणि शेवटचे दार बंद असले, तर गाळाच्या अलीकडे व पलीकडे पाणी एकाच पातळीत उभे राहते. पाहणाऱ्याला पाट निर्दोष वाटतो. दार उघडले, पाणी धावू लागले, की पलीकडची पातळी खाली जाते आणि गाळ कोठे आहे ते उघड होते. म्हणून विद्युत्-मार्गाची परीक्षा प्रवाह चालू ठेवूनच करावी लागते. उपकरणे, दिवे, रेडिओ नेहमीप्रमाणे चालू करावेत. मीटर व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन टोचण्या एकाच जोडाच्या दोन बाजूंना लावाव्यात. जोड चांगला असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखविते. तेथे अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष सापडला. सोळा जोडांची साखळी असली तर एका टोकापासून एकेक जोड तपासण्याचे कारण नाही. मध्यावर मोजावे, ऱ्हास ज्या अर्ध्या भागात आहे त्याच्या मध्यावर पुन्हा मोजावे. चार मोजण्यांत सोळांपैकी एक जोड हाती लागतो.

ओहमच्या पट्टीवर मोजावयाचे असेल तेव्हा मात्र बॅटरी सोडवून ठेवली पाहिजे. एरवी आकडा खोटा येतो आणि मीटरही जळण्याचा संभव असतो. टाकीजवळ काम करताना पेट्रोलची वाफ साचलेली नाही याची खात्री करून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नकोच.

याहून कठीण, आणि वैमानिकाच्या छातीत धडकी भरविणारा, एक दोष आहे. विमान संध्याकाळी उतरण्याच्या बेतात असते. वैमानिक उतरण्याचा दिवा लावतो आणि त्याच क्षणी तेलाच्या तापमानाचा काटा वर चढतो व तेलाच्या दाबाचा काटा खाली घसरतो. एंजिन आता जाणार, याची याहून स्पष्ट सूचना दुसरी कोणती असणार? या भीतीने धावपट्टी सोडून समोरच्या शेतात विमान उतरविण्याचा विचार कोणाच्याही मनात येईल. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर ध्यानात येते, की कित्येक लिटर तेल बटण दाबल्याच्या क्षणी तापू शकत नाही. त्याला मिनिटे लागतात. दोन काटे एकदम हलले, तेही स्विचच्या तालावर. तेव्हा दोष त्या दोघांना सामाईक असलेल्या एखाद्या जागी असला पाहिजे.

ती जागा म्हणजे एंजिन आणि विमानाचे अर्थ-टोक यांमधला जाडसर पट्टा. दाबाचा व तापमानाचा संवेदक एंजिनाच्या धातूतच बसविलेले असतात आणि त्यांचा प्रवाह त्या धातूतून परततो. एंजिनावर बसविलेल्या विद्युत्-जनित्राचा प्रवाहही याच पट्ट्यातून जात असतो. पट्ट्याच्या जोडात केवळ ०.०१ ओहमचा रोध असला आणि जनित्र ४० अँपिअर देत असले, तर एंजिनाचा धातू उपकरणांच्या अर्थपेक्षा ०.४ व्होल्टने खाली जातो. त्यामुळे दोन्ही संवेदकांतून वाजवीपेक्षा अधिक प्रवाह वाहतो. काट्यांना तो संवेदकाचा रोध उतरल्यासारखा भासतो. तापमानाच्या संवेदकाचा रोध उष्णतेने घटतो, म्हणून तो काटा वर जातो. वर सांगितलेल्या युरोपीय जातीच्या दाब-संवेदकाचा रोध दाबाबरोबर वाढतो, म्हणून तो काटा खाली येतो. तेल जसेच्या तसे असते. हे पडताळून पाहण्यासाठी मीटरची एक लांब तार एंजिनाच्या धातूला आधी घट्ट बांधून आसनापर्यंत आणावी, दुसरी टोचणी उपकरणांच्या अर्थला लावावी, आणि मग एंजिन सुरू करून आत बसूनच आकडा वाचावा. फिरत्या पंख्याजवळ मीटर घेऊन उभे राहण्याचे धाडस कोणीही करू नये. उपाय साधा आहे : पट्टा काढून त्याखालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासावा, नवा लग बसवावा, आणि जोड घट्ट आवळून वरून संरक्षक लेप द्यावा.

जोड गंजतात ते का, याचे उत्तर चेन्नईत फार दूर शोधावे लागत नाही. शहर समुद्रकाठी आहे. दुपारनंतर सागरी वारे क्षारयुक्त ओलावा घेऊन आत येतात, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकांना ही हवा अनोळखी नाही. पुष्कळशा लहान विमानांचे अंग ॲल्युमिनियमचे, आणि तारा तांब्याच्या. या दोन धातूंच्या प्रमाण-विभवांत सुमारे दोन व्होल्टचे अंतर आहे. त्यांच्यामध्ये खारट ओल शिरली की तो जोड म्हणजे एक चिमुकली बॅटरीच होते, आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. वरून पाहता काही दिसत नाही. लग उचलला की खाली पांढरी भुकटी आढळते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेने आपोआप येणारा ऑक्साइडचा पापुद्राही विद्युत्-रोधक असतो. म्हणून विमानात कल्हई केलेले लग वापरतात, धातू घासल्यावर लगेच जोड आवळतात आणि ओल आत जाऊ नये अशी व्यवस्था करतात. ‘लाँग-ईझी’सारख्या काचतंतूंच्या विमानात धातूचे अंगच नसल्यामुळे प्रत्येक उपकरणाला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. प्रारंभी ही कटकट वाटते, पण अशा विमानात दोष शोधणे पुष्कळ सोपे जाते.

एंजिनाच्या सिलिंडरांचे तापमान मोजण्यासाठी तापविद्युत्-युग्म, म्हणजे बाजारातील थर्मोकपल, वापरतात. त्याच्या दोन तारा दोन निरनिराळ्या मिश्रधातूंच्या असतात आणि उपकरणापर्यंत त्याच धातूंच्या तारा नेणे आवश्यक असते. तार अपुरी पडली म्हणून कोणी मध्ये तांब्याचे तुकडे जोडले, तर मोजणीचा थंड सांधा त्या जोडापाशी सरकतो. एंजिनाजवळ तो जोड ६० अंशांवर असला आणि फलक ३० अंशांवर, तर काटा सुमारे ३० अंश कमी दाखवील. चेन्नईच्या मे महिन्यात ३० अंशांची ही चूक एंजिनाला महाग पडू शकते.

मधूनमधून प्रकटणारा आणि कारागीर आला की लपणारा दोष सर्वांत छळवादी. तो बहुधा कंपनाचा असतो. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात सर्व ठीक असते. एंजिनाच्या हादऱ्याने अर्धवट तुटलेल्या तारेची टोके एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा भेटतात. बारीक पदरांच्या तारेला डाख दिला की तो पदरांतून थोडा वर चढतो. तेवढा भाग ताठ होतो आणि जेथे ताठपणा संपतो तेथेच तार तुटते. याच कारणाने विमानात योग्य हत्याराने दाबून बसविलेला आणि तारेच्या आवरणालाही धरून ठेवणारा लग डाखापेक्षा पसंत करतात. शोध घेताना एकाने काट्याकडे पाहत बसावे आणि दुसऱ्याने एकेक तार हळूच हलवावी, जोडांवर लाकडी दांड्याने हलके ठोकावे. दोष उन्हात तापल्यावरच येत असेल, तर केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा संशयित जागी सोडून पाहावी. कानात येणारा गुंजारव एंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढउतार करीत असेल तर त्याचा उगम जनित्राकडे शोधावा. लुकलुकणाऱ्या दिव्याबरोबर टकटक होत असेल तर त्या दिव्याकडे.

फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह अनेकांना होतो. फ्यूज उपकरणासाठी असतो, ही समजूत त्यामागे असते. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार ५ अँपिअरची आणि फ्यूज १५ अँपिअरचा, अशी जोडी केली तर दोष घडल्यावर फ्यूजच्या आधी तार तापून तिचे आवरण जळेल, आणि फलकामागच्या अरुंद जागेत धूर होईल.

सर्व वीज गेली तरी चालत राहणारी काही उपकरणे प्रत्येक विमानात असतात. वेगमापक व उंचीमापक हवेच्या दाबावर चालू शकतात, आणि होकायंत्राला पृथ्वीचे चुंबकत्व पुरते. तथापि होकायंत्राला वीज लागत नसली तरी ती त्याला बाधते. त्यापासून १० सेंटिमीटरवरून जाणाऱ्या एकट्या तारेतून ५ अँपिअर वाहत असतील, तर तेथे १० मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. चुंबकीय विषुववृत्त चेन्नईपासून फारसे दूर नाही. तेथे पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ आडवे असून ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला भरते. तारेचे क्षेत्र त्याला काटकोनात असले तर सूची सुमारे १४ अंशांनी ढळते, आणि तिच्यावर विसंबून १०० किलोमीटर गेलेले विमान इच्छित स्थळापासून जवळजवळ २५ किलोमीटर बाजूला पोहोचते. याही ठिकाणी गोष्ट परतीच्या वाटेवर येते. जाणारी तार एकटी असते आणि प्रवाह विमानाच्या अंगातून कोठून तरी परततो, म्हणून हे क्षेत्र उरते. जाणारी व येणारी तार एकमेकींना पीळ देऊन नेली, तर दोघींची क्षेत्रे परस्परांना छेदतात आणि सूची स्थिर राहते.

तपासणीसाठी विमान धातूच्या इमारतींपासून दूर मोकळ्या जागेत उभे करतात, दर ३० अंशांवर त्याचे तोंड फिरवितात आणि प्रत्येक दिशेला होकायंत्र किती चुकते ते एका पत्रिकेवर लिहून ती पत्रिका होकायंत्राच्या खाली लावतात. त्या वेळी एंजिन चालू असते. रेडिओ व दिवे आळीपाळीने लावून सूची हलते का ते पाहतात, आणि आकडे घेतले तेव्हा कोणती बटणे चालू होती तेही त्याच पत्रिकेवर नोंदवितात.